‘गर्भातच सुरुवात’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पानावर ‘हंटिंग्टनची सुरुवात आईच्या गर्भातच’ या मथळ्याचा लेख आला, तो मी दोनदा वाचला. एकदा एकटीने आणि दुसऱ्यांदा फोनवर माझ्या मुलीला वाचून दाखवताना. हंटिंग्टन हा मेंदूतल्या चेतापेशी हळूहळू मारणारा, हालचाली आणि मन बिघडवणारा आनुवंशिक आजार. लेखातली माहिती खोटी नाही. सँड्रीन हंबर्ट या फ्रेंच मेंदूवैज्ञानिक आणि त्यांचे सहकारी यांचे जे संशोधन २०२० साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले, त्यावर तो बेतलेला आहे आणि ते संशोधन महत्त्वाचेच आहे. माझी हरकत आहे ती मथळ्यातल्या ‘सुरुवात’ या एका शब्दाला आणि लेखाशेजारी छापलेल्या ‘गरोदर मातांनी घ्यावयाची काळजी’ या चौकटीला.

माझ्या पतींना हंटिंग्टनचे निदान होऊन नऊ वर्षे झाली. मी जीवशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे या विषयावर जे जे हाती लागले ते वाचत आले, आणि जे समजले नाही ते त्यांच्या डॉक्टरांना विचारत आले. त्यांच्या पायाची बोटे बसल्या जागी पेटीवर फिरावीत तशी हलत राहतात. तपासणीत डॉक्टर त्यांना जीभ बाहेर काढून दहा सेकंद तशीच धरायला सांगतात. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला ती आपोआप आत जाते, ते पुन्हा काढतात, पुन्हा ती आत जाते, आणि मग ते स्वतःच हसतात. हे सांगण्याचे कारण एवढेच की ‘आजार’ हा शब्द मी वापरते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे असते, सूक्ष्मदर्शकाखालचा फरक नसतो.

जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकी डॉक्टरने १८७२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, या आजाराचे वर्णन केले तेव्हा त्याची तीन वैशिष्ट्ये सांगितली होती. तो घराण्यातून उतरतो, त्यात मन बिघडण्याकडे आणि आत्महत्येकडे कल असतो, आणि तो प्रौढ वयातच प्रकट होतो. आज आपल्याला माहीत आहे की क्वचित तो विशीच्या आतही दिसतो. तरी बहुतेकांच्या बाबतीत तिशी-चाळिशीपर्यंत माणूस शिकतो, नोकरी करतो, मुले वाढवतो आणि मग कधीतरी त्याच्या हातातून कप निसटतो, ही गोष्ट दीडशे वर्षांत बदललेली नाही. कारण १९९३ साली सापडले. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी हा तीन अक्षरांचा तुकडा एकामागून एक आलेला असतो. त्याच्या ३५ पर्यंत आवृत्त्या असतील तर आजार होत नाही, ३६ ते ३९ असतील तर होईलच असे नाही, आणि ४० किंवा त्याहून अधिक असतील तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला तो होतोच. असा वाढीव आवृत्त्यांचा, म्हणजेच वाढीव, जनुक मिळणार की नाही हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते, त्यामुळे ‘सुरुवात’ शब्दाचा हा अर्थ घेतला तर मथळ्यात नवीन काही नाही. ते तीस वर्षांहून अधिक काळ सर्वांना माहीत आहे.

हंबर्ट यांच्या गटाने त्यापुढे जाऊन जे पाहिले ते मात्र नवे होते. त्यांनी वाढीव जनुक असलेल्या, तेरा आठवड्यांच्या मानवी गर्भांच्या मेंदूचा बाह्यस्तर तपासला. या वयात तिथे चेतापेशींना जन्म देणाऱ्या लांबट पेशी शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांचे केंद्रक पेशीच्या आत वरखाली फिरते आणि मेंदूतल्या पोकळीलगतच्या टोकाशी आले की पेशी विभागते. विभागलेल्या पेशीने पुन्हा तसेच विभागत राहायचे की चेतापेशी होऊन बाहेरच्या थराकडे निघायचे, हा निर्णय तिथे होतो. वाढीव जनुक असलेल्या गर्भांत, याच जनुकापासून बनणारे हंटिंग्टिन हे प्रथिन आणि पेशींना एकमेकींशी सांधणारी प्रथिने त्यांच्या नेहमीच्या जागी नव्हती, विभाजनाचे वेळापत्रक बदललेले होते आणि पेशींचा कल लवकर चेतापेशी होण्याकडे झुकलेला होता. नमुने मोजकेच होते, आणि अशा दुर्मीळ सामग्रीत ते अपरिहार्य आहे. पण उंदरांच्या गर्भातही तशीच चिन्हे दिसल्यामुळे निष्कर्षाला बळ मिळाले. हंटिंग्टिनचा मेंदूच्या घडणीशी संबंध असावा, ही शंका तशी जुनी आहे. हे प्रथिन मुळीच नसलेले उंदराचे गर्भ पहिल्या काही दिवसांतच दगावतात, हे १९९५ मध्येच स्पष्ट झाले होते. म्हणजे हे प्रथिन काही खलनायक नव्हे. घर बांधणारा गवंडीच आहे, फक्त त्याचा हात किंचित वेगळा पडलेला असतो.

आता प्रश्न असा की तेराव्या आठवड्यातला हा किंचित वेगळा हात आणि माझ्या पतींची न टिकणारी जीभ यांच्यामधली चाळीस वर्षे कोणी भरून काढायची? आपल्या लेखकाने ती एका वाक्यात ओलांडली. संशोधकांना ती इतकी सहज ओलांडता आलेली नाहीत, आणि या विषयातला खरा रस मला तिथेच वाटतो.

दोन प्रयोग समोरासमोर ठेवून पाहावेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांच्यातला सदोष जनुक औषधाने बंद करता येतो असे उंदीर तयार केले होते. आजाराची लक्षणे दिसू लागल्यावर जनुक बंद केला, तर पेशींतल्या प्रथिनांच्या गाठी विरल्या आणि उंदरांच्या हालचालीही सुधारल्या. यावरून वाटावे की सगळा दोष चालू वर्तमानकाळाचा आहे. पुढे २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने नेमके उलटे केले. सदोष जनुक जन्मानंतर एकविसाव्या दिवसापर्यंतच चालू ठेवला आणि मग बंद केला. तरीही हे उंदीर मोठे झाल्यावर त्यांच्यात हंटिंग्टनसारखी लक्षणे आणि चेतापेशींची हानी दिसली. म्हणजे केवळ घडणीच्या काळातला दोषही पुरेसा ठरू शकतो. दोन्ही प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि एक खरा म्हणून दुसरा खोटा ठरत नाही.

हंबर्ट यांच्या गटाचेच २०२२ मधले काम या दोहोंच्या मधली वाट दाखवते, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही याचे मला आश्चर्य वाटले. जन्मल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात अशा उंदरांच्या मेंदूच्या बाह्यस्तरातील चेतापेशींमधले उत्तेजक संदेशवहन क्षीण असते. नंतर ते आपोआप सावरते आणि वरून पाहता सारे आलबेल दिसते. पण त्या पहिल्या आठवड्यातच हे संदेशवहन वाढवणारे एक औषध दिले, तर मोठेपणी येणारे दोष लांबले आणि सौम्य झाले. मेंदू एकदा सावरतो, पण सावरताना त्याला काही किंमत मोजावी लागत असावी, असा याचा अर्थ मी लावते. माणसाच्या बाळाला असे काही द्यावे इतका पुरावा आज नाही, आणि तसे या संशोधकांनी म्हटलेलेही नाही.

माणसांतल्या मुलांबद्दलचा पुरावा अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातील पेग नोपोलस यांच्या अभ्यासातून येतो. हंटिंग्टन असलेल्या घरांतल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांचे मेंदूचे एमआरआय त्यांनी वर्षानुवर्षे काढले. वाढीव जनुक असलेल्या मुलांत स्ट्रायटम हा मेंदूच्या खोल भागातला केंद्रसमूह, जो पुढे या आजारात सर्वाधिक झिजतो, तो लहान वयात सरासरीपेक्षा मोठा आढळला आणि नंतर अधिक वेगाने आकसत गेला. जनुकचाचणीचा निकाल संशोधनापुरताच ठेवला गेला; मुलांना किंवा पालकांना तो सांगितला गेला नाही. या संयमाचे मोल आमच्यासारख्या घरांनाच कळते.

आणि मग गेल्या काही वर्षांत कथेला दुसरे वळण मिळाले. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेतील आणि हार्वर्डमधील स्टीव्हन मॅकॅरोल यांच्या गटाने २०२५ च्या जानेवारीत ‘सेल’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हंटिंग्टन झालेल्या ५३ आणि न झालेल्या ५० व्यक्तींनी मृत्यूनंतर दिलेल्या मेंदूंतल्या पाच लाखांहून अधिक पेशी एकेक करून तपासल्या. स्ट्रायटममधल्या ठरावीक चेतापेशींत आवृत्त्यांची संख्या जन्मल्या वेळेइतकीच राहत नाही. चाळीस-पंचेचाळीसपासून ती कित्येक दशके अगदी हळू वाढते, ऐंशीच्या पुढे वेग धरते, आणि दीडशेच्या पलीकडे गेली की पेशीचा कारभार कोसळतो व ती मरते. तोवर, म्हणजे आयुष्याचा बहुतांश काळ, त्या पेशीचे जनुकीय कामकाज जवळपास सुरळीत असते. ही वाढ रोखता आली तर आजार लांबवता येईल, या दिशेने आता प्रयत्न सुरू आहेत.

हे खरे मानले तर गर्भातल्या निरीक्षणांचे काय, असे कोणी विचारील. माझ्या समजुतीप्रमाणे ती बाद होत नाहीत. घडणीतला फरक मेंदूला किती राखीव बळ उरते हे कदाचित ठरवत असेल, आणि पेशी केव्हा मरेल हे आवृत्त्यांची वाढ ठरवत असेल. जाणकारांत यावर मतभेद आहेत. परंतु ‘आजार गर्भातच सुरू होतो’ हे विधान या मतभेदातल्या कोणत्याही बाजूचे नाही. वारसा गर्भधारणेच्या वेळी मिळतो, फरक घडणीच्या काळात पडतो आणि आजार दशकांनंतर येतो, आणि मथळ्याने या तिन्हींना एकच क्रियापद दिले.

माझ्या मुलीने फोनवर विचारले, “आई, म्हणजे मी आजारी होते का गं, तेव्हापासूनच?” तिने अजून चाचणी करून घेतलेली नाही, तिच्यात हा जनुक असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि ते जाणून घ्यायचे की नाही हा तिचा प्रश्न आहे. मी तिला म्हटले, “तू जन्मलीस तेव्हा तुझ्या मुठीतून माझे बोट सोडवताना मला दोन्ही हात लागले होते.” हे शास्त्रीय उत्तर नव्हते याची मला कल्पना आहे. शास्त्रीय उत्तर मी तिला नंतर सविस्तर लिहून पाठवले, त्याचाच बराचसा भाग वर आला आहे.

त्या चौकटीविषयी. आहार, विश्रांती, मनःशांती यांबद्दलचा त्यातला सल्ला एरवी उत्तम आहे, पण हंटिंग्टनच्या लेखाशेजारी तो छापल्याने वाचणाऱ्याचा समज असा होतो की आईने नीट काळजी घेतली असती तर हे टळले असते. आईने गरोदरपणी काय खाल्ले किंवा ती किती दमली, यावर या जनुकातल्या आवृत्त्यांची संख्या मुळीच अवलंबून नसते. उलट ही संख्या पुढच्या पिढीत बरीच वाढून जाते ती बहुधा वडिलांकडून आलेल्या जनुकात, कारण शुक्रजंतू तयार होताना ती वाढण्याची शक्यता अधिक असते. आणि त्यातही वडिलांचा दोष शून्य. आमच्या घरात हा जनुक माझ्या सासऱ्यांकडून आला, असे आता मागे वळून पाहताना दिसते. तरी लेख आला त्याच दिवशी एका नातेवाईक बाईंनी मला विचारलेच, की तुम्ही तेव्हा नोकरीची दगदग फार केली होती, नाही का?

ती चौकट या आजाराला लागू नाही, एवढा दोन ओळींचा खुलासा आपण त्याच पानावर, त्याच जागी छापावा, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(मुलीच्या खासगीपणासाठी नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये.)