साहेब, आमच्या ओटीवर येऊन बसलात त्याबद्दल

आदरणीय साहेब,
सा. न. वि. वि.

तुमच्या शोकसभेत कंपनीच्या माणसांनी तुमच्या कामांची यादी वाचली. धरणं, पूल, बोगदे, शेवटी डायरेक्टरपद. यादीत खोट काही नव्हती, पण तिच्यात मी बसत नाही. म्हणून हे उघड पत्र. वहिनी वाचतील, दोघी ताई वाचतील, आणि कोकण रेल्वेवर तुमच्या हाताखाली राबलेले जे कोण कुठे असतील ते वाचतील.

1990 साली कोकण रेल्वे कॉर्पोरेशन निघालं तेव्हा आमच्या गावात कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. रेल्वे येणार, येणार, हे आम्ही आजोबांपासून ऐकत आलेले. मग उक्षीच्या अंगाला मशिनरी उतरली आणि करबुड्याच्या डोंगराला तोंड पाडलं गेलं. साडेसहा किलोमीटरचा बोगदा! मी बारावी होऊन घरात बसलो होतो. मुंबईला मामांकडे जायचं ठरलंच होतं, तोवर चार पैसे मिळतील म्हणून साइटवर हेल्पर लागलो.

पगाराच्या दिवशी तुम्ही पत्र्याच्या ऑफिसबाहेर टेबल टाकून बसायचात. बाजूला मनीऑर्डरच्या फॉर्मांचा गठ्ठा. पगार घेतलेल्या प्रत्येकाला "घरी किती पाठवतोस?" हे विचारल्याशिवाय सोडायचं नाही. काही जण चिडत. पैसा आमचा, साहेबाला काय करायचंय? खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ती नसती पंचाईत वाटे. पण अक्षर बरं म्हणून फॉर्म भरायला मला बसवलंत आणि तिथेच मला हेरलंत. बेरजा तोंडी करतो हे बघून दुसऱ्या दिवशी स्टाफ, म्हणजे उंची मोजायची आकडे घातलेली पट्टी, धरायला सर्व्हेवाल्यांकडे पाठवलंत, आणि थोड्या दिवसांनी लेव्हल बुक, म्हणजे त्या मापांची वही, हातात ठेवलंत.

बॅकसाइट म्हणजे उंची माहीत असलेल्या मागच्या जागेवरचं माप, फोरसाइट म्हणजे पुढच्या जागेवरचं, आणि आरएल म्हणजे त्या जागेची ठरलेल्या पातळीपासूनची उंची. बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज म्हणजे शेवटचा आरएल वजा पहिला आरएल. जुळलं नाही तर जेवायला उठायचं नाही, हा तुमचा नियम. बोगदा दोन्ही तोंडांनी खणत आणतात. मध्ये भेट होते तेव्हाच कागदावरच्या एका बेरजेची किंमत कळते. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. प्रत्येक पान स्वतः तपासून खाली सही करत होतात, तेवढ्यावरून आम्ही समजलो.

आणि ती पहार. ब्लास्ट झाला, धूर निघून गेला की मकिंगवाल्यांना, म्हणजे फुटलेला दगड उपसणाऱ्यांना, आत शिरायची घाई. उपसा किती झाला यावर वरून विचारणा व्हायची, तुम्हालाही. पण तुम्ही आधी माथ्यावरचा दगड पहारीने ठोकून घ्यायला लावायचात. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर सुटलेला. तो पाडल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. एकदा सगळी पाळी त्यापायी ताटकळली आणि मुकादम कुरकुरायला लागला. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "ह्यांच्या घरी तार मी नाही पाठवणार." रेल्वेसाठी जीव गेलेल्यांचं स्मारक रत्नागिरी स्टेशनात आहे. आपल्या पाळीतलं कुणी त्यात नाही.

बरेच अधिकारी बायकामुलांना पुण्या-मुंबईला ठेवून एकटे राहत. तुम्ही बिऱ्हाड घेऊन रत्नागिरीत आलात. वहिनींच्या हातचं रविवारचं जेवण आमच्यातल्या किती जणांनी खाल्लं असेल त्याची मोजदाद नाही. एका रविवारी पनवल नदीवरचं काम दाखवायला तुम्ही मुलींना नेलं होतंत. मीही बरोबर होतो. 64 मीटर उंचीचा तो पूल, एका काठावरून पुढे ढकलत नेलेला. धाकट्या ताईंनी विचारलं, "ढकलताना खाली पडला तर?" घरी आल्यावर तुम्ही त्यांची फूटपट्टी टेबलाच्या कडेवरून पुढे सरकवलीत, कुठे कलंडते ते त्यांनाच शोधायला लावलंत. मग अशा पुलाच्या पुढच्या टोकाला हलकं लोखंडी नाक कशासाठी लावतात ते सांगितलंत. डिप्लोमाला कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेली तुळई, शिकवायला लागले तेव्हा मला ते आधीच येत होतं!

डिप्लोमाचं म्हणाल तर त्याचं सगळं श्रेय त्या संध्याकाळचं. तुम्ही न सांगता आमच्या घरी आलात. बाबा ओटीवर सुपाऱ्या सोलत होते. खुर्ची आणायला मी आत धावलो, तोवर तुम्ही त्यांच्याशेजारी बसलेले, हातात सुपारी.

"मुंबईला जाऊन हा काय करणार?"

"मामा लावतील कुठेतरी."

"रत्नागिरीत सरकारी पॉलिटेक्निक आहे. तीन वर्षं द्या मला."

"आणि घरात खायचं काय?"

तुम्ही हिशोब मांडलात. सुट्टीत कामावर घेईन, पगार सर्व्हेवाल्याचा देईन, पहिल्या वर्षाची फी माझी. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. आमच्याकडे होकार असाच देतात. नंतर मी फी परत द्यायला आलो तर "कुणा दुसऱ्याची भर" म्हणून पिटाळलंत. भरतोय, साहेब.

26 जानेवारी 1998 ला अख्खी लाइन सुरू झाली. तोवर तुम्ही पुढच्या कामावर गेला होतात आणि मी नोकरीला लागलो होतो. आज मेट्रोच्या बोगद्यावर आहे. इथे डोंगराऐवजी शहराखालून मशीन चालतं, पण लेव्हलचा हिशोब तोच.

वहिनी, साहेब घरातला वेळ आम्हाला देत होते आणि तुम्ही तो देऊ देत होतात. त्यासाठी तुमचे आभार वेगळे मानायला हवेत.

थोरल्या ताई साहेबांचे साइटवरचे फोटो गोळा करतायत. त्यांच्याकडे घरचेच फोटो आहेत, कारण कामावर कॅमेरा फिरला की साहेब मागे सरकायचे. उक्षीच्या तोंडाचे, पगाराच्या टेबलाचे, कशाचेही असोत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी पाठवा. मागे नावं लिहा, मजुरांचीसुद्धा.

तुमचा,
लेव्हल बुकवाला