नोट्स मिळतात, पण वाचता येत नाहीत

मा. संपादक,

सत्र सुरू झाले की प्राध्यापक वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नोट्सची पीडीएफ टाकतात. अंध विद्यार्थ्यालाही ती मिळते, पण अनेकदा वाचता येत नाही. मग मित्राला सवड मिळेल तेव्हाच त्याचा अभ्यास, आणि परीक्षेच्या आठवड्यात मित्रालाही सवड नसते.

संगणकावरचा मोफत एनव्हीडीए आणि अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर, मराठी वाचतात. अडते ते फाइलपाशी. पाठवण्याआधी पीडीएफमधली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. ओळ निवडताच येत नसेल, तर ते पानाचे नुसते चित्र आहे. इंग्रजी अक्षरांचा गुंता उमटला, तर मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत) नसलेल्या फॉन्टमधला आहे. कृतिदेव या अशाच जुन्या फॉन्टमधला 'म' संगणकाच्या लेखी इंग्रजी 'ई' असतो आणि स्क्रीन रीडर तेच उच्चारतो. अशा मजकुराला वरून 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट लावून काही साधत नाही. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा आणि मग रफार, जोडाक्षरे, पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावी. चुका तिथेच होतात. युनिकोडमधल्या नोट्सचीही पीडीएफ करताना जोडाक्षरे कधी कधी तुटतात, म्हणून सोबत वर्डची फाइल द्यावी.

पुस्तक स्कॅन करायचे तर 300 डीपीआयवर (स्कॅनच्या स्पष्टतेचे माप), एका वेळी एकच पान, सरळ ठेवून. दोन पाने एकत्र घेतली की ओळी एकमेकींत मिसळतात. पेनने अधोरेखित केलेली प्रत टाळावी. हे स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडले की मजकूर हाती येतो. तक्ते मात्र विस्कटतात, ते पुन्हा आखावे लागतात. शीर्षके नुसती ठळक करू नयेत, 'हेडिंग' शैलीत ठेवावीत. मग एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये (कळांनी मजकुरात फिरण्याच्या सोयीत) 'एच' कळ दाबून विद्यार्थी हव्या त्या भागावर स्वतः पोचतो.

कॉपीराइटच्या भीतीने ग्रंथालयांनी अडून राहू नये. 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 52(1)(झेडबी) आले आहे. अपंग व्यक्तीच्या शिक्षणासाठी, नफा न कमावता, पुस्तक तिला वाचता येईल अशा रूपात आणण्याची मुभा त्यात आहे.

परीक्षेत लेखनिक लागतो, पण ज्याला टंकलेखन येते त्याला स्वतः उत्तरे लिहिता आली पाहिजेत. केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांत संगणकाचा पर्याय होता, तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा होता आणि आदल्या दिवशी संगणक तपासू देण्याची तरतूदही होती. ही तपासणी चुकवू नये. इनस्क्रिप्ट या कळफलकाची सवय असलेल्यासमोर ऐनवेळी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांवरून मराठी टंकायचा) कळफलक आला, तर जादा वेळ त्यातच संपतो.

प्रत्येक महाविद्यालयाने यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि प्रवेश निश्चित होताच अभ्यासक्रमाची पुस्तके रूपांतराला घ्यावीत. परीक्षेला महिना उरला असताना मिळालेली फाइल उपयोगाची नसते.

– अंध विद्यार्थ्यांना संगणक शिकवणारे काही शिक्षक, पुणे