बाराव्या भोकाची गोष्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फ्रीकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरसाठी पायथन भाषेत लिहिलेली तुझी स्क्रिप्ट काल रात्री उघडली. "पायथनला वेड लागलंय" असं तू फोनवर म्हणालास तेव्हाच मला शंका आली होती. पायथन ठणठणीत आहे. तू त्याला जे सांगितलंस ते त्यानं मुकाट्यानं केलं, एवढंच.

तुला पट्टीवर वीस-वीस मिलिमीटरवर बारा भोकं हवी होती. त्यासाठी वीस मिमी लांबीचा एक दिशादर्शक व्हेक्टर (दिशा आणि लांबी सांगणारे तीन आकडे) घेतलास आणि लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींत, दर फेरीला त्याला फेरीच्या आकड्यानं गुणलंस. कागदावर चोख. पण फ्रीकॅडमधली मल्टिप्लाय ही मेथड (व्हेक्टरला द्यायची आज्ञा) गुणाकार करून नवा व्हेक्टर देत नाही, ती हातातल्या व्हेक्टरलाच बदलते. त्यामुळे पहिलं भोक २० वर, दुसरं ४० वर, इथवर सगळं गोड. तिसऱ्या फेरीत मात्र ४० ला तिनानं गुणलं गेलं, म्हणजे १२०. मग ४८०, मग २४००. मी गंमत म्हणून पुढचा हिशोब केला. तुझं बारावं भोक सुमारे ९,५८० किलोमीटरवर पडतं! पृथ्वीच्या आरपार जायला साधारण पावणेतेरा हजार किलोमीटर लागतात, म्हणजे तीन चतुर्थांश काम तू उरकलंच होतंस.

वर एक ओळ कॉमेंट करून, म्हणजे पायथननं वाचू नये अशी खूण करून, ठेवलेली दिसली, त्यावरून आधीचा प्रकारही कळला. लूप आधी शून्यापासून सुरू होता ना? तेव्हा पहिल्याच फेरीत व्हेक्टर शून्य झाला आणि शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच, म्हणून बाराही भोकं एकाच जागी. तू लूप एकापासून सुरू केलास, दोन भोकं जागेवर आली आणि तुला वाटलं की आता थोडक्यात राहिलंय. आजार तोच होता, फक्त लक्षणं बदलली.

आता तुझा खरा प्रश्न. लूपच्या आधी तू "मूळ = दिशा" अशी ओळ लिहून मूळ व्हेक्टर जपून ठेवला होतास, मग तोही कसा बदलला? कारण तू काहीच जपून ठेवलं नव्हतंस. पायथनमध्ये बरोबरचं चिन्ह नक्कल करत नाही, ते नाव चिकटवतं. एकाच पोराला घरात एका नावानं हाक मारतात, शाळेत दुसऱ्या. घरच्या नावाला केस कापायला पाठवलंस म्हणून शाळेतल्या नावाचे केस लांब राहत नाहीत. साध्या आकड्यांच्या बाबतीत हे कधी बोचत नाही, कारण आकडा जागच्या जागी बदलताच येत नाही. दर वेळी नवा आकडा तयार होतो आणि नाव त्याच्याकडे सरकतं. व्हेक्टर मात्र आतून बदलता येतो, म्हणून तिथे दोन नावांचं सोंग उघडं पडतं.

नक्कल हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते: ॲप डॉट व्हेक्टरच्या (App.Vector) कंसात जुना व्हेक्टर दे, तेच तीन आकडे घेऊन नवा व्हेक्टर मिळतो. नाहीतर गुणाकाराला सरळ तारा (*) वापर. ताऱ्यानं नवा व्हेक्टर बनतो, मूळ शाबूत राहतो.

माझी तक्रार त्या मेथडच्या नावांबद्दल आहे. ॲड (बेरीज), सब (वजाबाकी) आणि क्रॉस (सदिश गुणाकार) नवा व्हेक्टर देतात. मल्टिप्लाय, स्केल आणि नॉर्मलाइझ (लांबी एक करणं) हातातलाच बदलतात. नावावरून काही म्हणता काही कळत नाही. पायथनची स्वतःची लिस्ट (यादी) निदान प्रामाणिक आहे. सॉर्ट तिला जागेवरच क्रमानं लावतो आणि परत नन (None, म्हणजे "काहीच नाही") देतो, म्हणजे चूक केलीस तर पुढच्याच ओळीला ठेच लागते. मल्टिप्लाय मात्र बदललेला तोच व्हेक्टर परत देतो. तू तो नव्या नावात घेतोस, आकडा बरोबर दिसतो, आणि मूळ बिघडलेलं कळतं ते पन्नास ओळींनंतर.

हीच गाठ लिस्टमध्येही बसते. एक व्हेक्टर चौकटी कंसात घालून चारनं गुणलास की चार बिंदू नाही मिळत, एकाच बिंदूकडे बोट दाखवणारे चार कप्पे मिळतात. लिस्टची नक्कल केलीस तर डबा नवा, आतला माल जुनाच. प्रत्येक बिंदूची वेगळी नक्कल करावी लागते. आणि फंक्शनच्या (नाव दिलेल्या सूचनांच्या गटाच्या) कंसात, काही दिलं नाही तर घ्यायचा आरंभबिंदू म्हणून थेट व्हेक्टर लिहून ठेवू नकोस. तो फंक्शनची व्याख्या वाचताना एकदाच बनतो. पहिल्या वेळी त्याला हलवलास की पुढच्या वेळी तुझा शून्यबिंदू शून्यावर नसतो. तिथे नन ठेव आणि व्हेक्टर आत बनव.

गंमत म्हणजे ड्राफ्टच्या, म्हणजे फ्रीकॅडच्या रेखाटन विभागातल्या, वायरमध्ये (बिंदू जोडून बनलेल्या रेघेत) नेमकं उलटं होतं. तिच्या पॉइंट्समधला पहिला बिंदू घेऊन त्याचा एक्स बदललास तर चित्र ढिम्म हलत नाही, कारण मागितल्यावर दर वेळी नकलांचीच लिस्ट हातात मिळते. लिस्ट बाहेर घ्यायची, बदलायची आणि अख्खी परत द्यायची. मला हे समजायला एक अख्खी संध्याकाळ लागली.

आता तुलनेचं. दहा-दहा अंशांनी छत्तीसदा फिरवलेला बिंदू मूळ जागी आला की नाही हे तू दुहेरी बरोबरनं (==) तपासतोयस. फ्रीकॅड तिथे प्रत्येक अक्षावर थोडी सूट देतं, पण ती किती? २.२ गुणिले १० चा उणे सोळावा घात. हजार मिमीच्या आसपास संगणकाला मांडता येणाऱ्या दोन शेजारच्या दशांश आकड्यांमधलं अंतरच याच्या पाचशेपट असतं. म्हणजे सूट नावाला, व्यवहारात काटेकोरपणाच. ०.१ आणि ०.२ मिळवून जिथे ०.३०००००००००००००००४ येतं, तिथे छत्तीस फिरवण्यांनंतर तंतोतंत जुळणीची आशा धरू नकोस. इझ-ईक्वल ही मेथड वापर. ती दोन बिंदूंमधलं अंतर तू दिलेल्या टॉलरन्सपेक्षा (चालवून घ्यायच्या तफावतीपेक्षा) जास्त नाही ना, एवढंच बघते. फ्रीकॅडच्या पोटात असलेलं, आकारांचं गणित करणारं ओपन कॅस्केड दोन बिंदू एकच मानायला १० चा उणे सातवा घात मिमी धरतं; मीही तिथूनच सुरुवात करतो.

टॉलरन्स वाढवताना मात्र जपून. मी एकदा जवळजवळचे बिंदू गाळायला ०.५ मिमी ठेवला आणि प्रत्येक बिंदू त्याच्या लगेच आधीच्या बिंदूशी ताडला. एका कंसावरचे (वर्तुळाच्या तुकड्यावरचे) बिंदू ०.३ मिमीच्या अंतरानं होते. दुसरा पहिल्यासारखा म्हणून गेला, तिसरा दुसऱ्यासारखा म्हणून गेला, असं करत अख्खा कंस एका बिंदूवर आला. क जर ख च्या जवळ आणि ख जर ग च्या जवळ असेल, तरी क ग च्या जवळ असेलच असं नाही. शेवटी राखलेल्या बिंदूशी ताडायला हवं होतं. आकडे गोल करून डिक्शनरीची (नावनिशी कप्पे असलेल्या साठ्याची) किल्ली बनवायची युक्तीही पूर्ण सुरक्षित नाही. गोल करण्याच्या सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू एकमेकांना खेटून असले तरी वेगवेगळ्या कप्प्यांत पडतात.

दिशा ताडायच्या असतील तर लांबी आधी एक करून घे, पण नकलेवर. नॉर्मलाइझही जागेवर बदलतो, हे लिहून ठेव भिंतीवर. शून्य व्हेक्टर दिलास तर तो एरर देतो, ते बरंच आहे. आणि क्रॉस शून्याजवळ आला म्हणजे दिशा एकच असं धरू नकोस, अगदी उलट दिशेलाही तो शून्यच येतो.

तुझ्या फाईलमध्ये मी दोनच ओळी बदलल्यात. मल्टिप्लायच्या जागी तारा घातला आणि वायरची दोन टोकं जुळून ती बंद झाली की नाही हे तपासतोस तिथे इझ-ईक्वल. "मूळ" नावाची ओळ तशीच ठेवली आहे, आता ती निरुपद्रवी आहे. हवी तर काढ. बारावं भोक २४० मिमीवर आलं. मात्र पट्टी तू २४० मिमीचीच काढली आहेस, त्यामुळे ते अर्धं काठाबाहेर जातंय. ते मी सोडवलेलं नाही.

कळावे, लोभ आहेच.

तुझाच,
जुना मित्र