सिद्दी जौहर आला कुठून, हेही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढात पन्हाळा-पावनखिंड मोहिमांच्या बातम्यांनी आपले अंक भरलेले असतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पोराला १६६० चा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू सगळे तोंडपाठ असते. पण वेढा घालणारा सिद्दी जौहर हबशी, म्हणजे मुळचा आफ्रिकी वंशाचा. तो आदिलशाहीचा सरदार कसा झाला, हा प्रश्न वर्गात निघतच नाही. इतिहास शिकवण्यात हयात गेलेला माणूस म्हणून मला हे खटकते.

कित्येक शतके इथिओपिया आणि पूर्व आफ्रिकेतली माणसे पकडून समुद्रमार्गे विकली जात होती. दख्खनच्या सुलतानांना असे लष्करी गुलाम हवेच असत. त्यांना इथे ना भाऊबंद, ना वतन, निष्ठा धन्याशीच. मलिक अंबर लहानपणी विकला गेला आणि मालक बदलत बदलत अहमदनगरला पोहोचला. तिथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा वजीर चंगेजखान, तोही हबशीच! मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि पुढे साऱ्या निजामशाहीचा कर्ताधर्ता बनला. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. हे सांगितले की हबशी सिद्दींचा जंजिरा आणि पन्हाळा एका धाग्यात येतात. बेळगाव ओलांडून हल्याळ-यल्लापूरकडे गेलात तर सिद्दींच्या वस्त्या आजही आहेत. कोकणी-मराठी बोलणारी ही माणसे. कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावे लागले. संस्थानकाळी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले होते, हे मात्र प्रत्येक कोल्हापूरकर अभिमानाने सांगतो.

माणसे विकण्यात आपणही मागे नव्हतो. बटकी आणि कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, यांच्या खरेदीच्या नोंदी पेशवेकालीन कागदांत आहेत. त्या वगळून परक्यांच्या गुलामगिरीवर बोलणे बरे दिसत नाही.

उलट दिशेचा प्रवासही शिकवायला हवा. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ ला संपली. ब्रिटिश संसदेने साम्राज्यभरासाठी दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली, तीही मालकांना. गुलामांना छदाम नाही. उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. मग हिंदुस्थानातून कराराने माणसे नेली गेली, एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि सातारा बाजूचे मराठी लोक होते. सुरुवातीला पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत. उचल घेऊन आपल्या फडात उतरणाऱ्या बीडच्या टोळ्या रोज पाहणाऱ्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मात्र या करारालाही सरसकट ‘गुलामगिरी’ म्हणून मोकळे होण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. गुलाम ही मालकाची मालमत्ता असे, गुलामाची मुलेसुद्धा. करार संपत असे आणि परतीचा हक्क निदान कागदावर तरी होता. जाच दोन्हीकडे होता, पण फरक सांगितला नाही तर दोन्ही गोष्टी कळत नाहीत.

कराराने मजूर नेण्याची ही पद्धत बंद करा, असा ठराव मार्च १९१२ मध्ये कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मांडला होता. सरकारी मतांनी तो पडला. भरती थांबली १९१७ ला. हेच गोखले आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी! कोल्हापुरात त्यांच्याविषयी भाषणे होतात, पण या ठरावाचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची दफ्तरे जपलेली आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, गाव अशा नोंदी त्यांत आहेत आणि पुढच्या काळातल्या कित्येकांची छायाचित्रेही. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने कोकण आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांच्या नोंदींच्या प्रती मागवाव्यात, अशी आपल्या पत्रातून जाहीर विनंती करतो. एम.ए.च्या मुलांना त्याच त्या विषयांऐवजी कामाचे प्रबंध मिळतील. तिकडून मूळ गाव शोधत येणाऱ्यांनाही विचारपूस करायला इथे एक जागा होईल.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, शाहूपुरी, कोल्हापूर