४४४ मोठी की ४५?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला रानडुकरांवरचा लेख वाचला. दुखणं बरोबर मांडलंय. आमच्या शेतातल्या आखाड्याजवळचा अर्धा एकर भुईमूग गेल्या उन्हाळ्यात डुकरांनी दोन रात्रींत उकरला, त्यामुळे त्यावर मी वेगळं काय बोलू? माझी तक्रार लेखाशेजारच्या चौकटीबद्दल आहे. तिथे अमेरिकेतल्या दोन लिव्हर रायफलींची (दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायच्या) तुलना करून ‘४४४ मार्लिन ही ४५-७० पेक्षा मोठ्या बोअरची’, म्हणजे जास्त रुंद नळीची, असं छापलंय. मी कळमनुरीकडचा सराफ. चाळीस वर्षं तोळा, मासा, गुंज यांतच गेली. आकडा चुकलेला दिसला की मला चैन पडत नाही.

४४४ हे नुसतं नाव आहे. तिची गोळी प्रत्यक्षात इंचाच्या ४२९ सहस्रांश जाडीची, ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची असते तीच. ४५-७० ची गोळी ४५८ सहस्रांश, म्हणजे मोठी तीच. तिच्या नावातला ७० हा तर काळ्या दारूच्या वजनाचा आकडा, ग्रेनमध्ये. ग्रेन आम्हा सराफांना परका नाही. जुना तोळा १८० ग्रेनचा, मासा १५ ग्रेनचा.

दोन वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये भाच्याकडे महिनाभर होतो. त्याच्याकडे या दोन्ही रायफली आहेत. काडतुसं तो घरीच, गाडीच्या शेडमध्ये भरतो. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या आणि म्हणाला, “मामा, काट्याशिवाय सांगा.” मी म्हणालो, ही एक तोळा चार मासे, ही सव्वादोन तोळे. काट्यावर पहिली २४० ग्रेन भरली, दुसरी ४०५. त्यानंतर दारू तोलायचं काम माझ्याकडे आलं! ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत तोलायचं. गुंजही त्यापुढे ढोबळ वाटते.

पण चौकटीतली मोठी चूक जाडीची नाहीच. ‘कोणती रायफल जास्त ताकदवान’ हे काडतुसात काय भरलंय ते न सांगता ठरवता येत नाही. ४५-७० हे अमेरिकन लष्कराचं १८७३ चं काडतूस. तेव्हाच्या एकबारी बंदुकीतून ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास जायची. मार्लिनने १९७२ साली त्याच काडतुसाची नवी लिव्हर रायफल काढली, ती त्याहून बरीच मजबूत. आजच्या काही एकबारी रायफली आणखी मजबूत. म्हणून भाच्याच्या पुस्तकात एकाच पुंगळीसाठी (काडतुसाचं पितळी कवच) दारू किती भरायची याचे तीन वेगळे तक्ते आहेत, एकेका मजबुतीच्या बंदुकीसाठी एक. तिसऱ्या तक्त्याचं काडतूस पहिल्या बंदुकीत बिनबोभाट बसतं, आणि बसतं म्हणूनच घात होतो. नावावरून ताकद सांगणं म्हणजे डबीवरून दागिन्याचं वजन सांगणं.

४४४ आली १९६४ साली. गोळी हलकी, वेग सेकंदाला सातशे मीटरच्या वर. गंमत अशी की रिव्हॉल्व्हरसाठी घडवलेली पातळ गोळी त्या वेगात डुकराच्या खांद्यावर फुटते. नराच्या खांद्यावर चिवट कातडीचं चिलखतच असतं, आणि गोळी आत पोचण्याआधी तिचा चुरा होतो. जाड कवचाच्या गोळ्या घातल्यावर ती चांगली चालते, असं भाचा म्हणतो. तरी डुकरासाठी तो ४५-७० च उचलतो, तीही मध्यम भरणीची. मी एकदाच झाडली. खांदा आठवडाभर दुखला.

दोन्हींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, म्हणून गोळीचं टोक चपटं लागतं. अणकुचीदार टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठोक्याने पेट घेणाऱ्या भागावर, आपटलं तर संपलंच. आणि पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत दाबून घ्यावं लागतं, खड्याभोवती कोंदण दाबतात तसं. ते काम मला फार आवडलं.

आता इकडचं. टेक्सासमध्ये खासगी रानात मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. ती डुकरं तिथली नव्हेत, बाहेरून आणलेली. आपल्याकडे रानडुक्कर इथलंच, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पीक राखायला शस्त्र कायद्यात सांगितलीय ती ठासणीची बंदूक. तेव्हा ‘आपल्याकडेही अशा रायफली हव्यात’ हे चौकटीतलं शेवटचं वाक्य कशाच्या आधारावर आलं, कळलं नाही.

ठासणीची म्हणजे प्रत्येक बार काढण्याआधी नळीच्या तोंडातून हातानेच भरणी. वडिलांकडे होती. दारू मोजायला पितळेचं एक माप होतं. माझ्या काकांनी एकदा अंधारात, बंदूक भरलेली आहे हे विसरून पुन्हा ठासली. दस्ता चिरला, भुवया होरपळल्या, कान महिनाभर वाजत होता. त्यानंतर वडिलांनी गजावर दोन खाचा पाडल्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज आत सोडला की कळायचं.

गोळीच्या जाडीचे आकडे ४२९ आणि ४५८ असे दुरुस्त करून छापावेत, ही विनंती. ती चौकट मी कापून ठेवली आहे, दुरुस्ती आली की शेजारी चिकटवीन.

आपला,
एक जुना वाचक, कळमनुरी (जि. हिंगोली)