टेबल माउंटन व रॉबेन आयलंड या एकदिवसीय सहलीबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
(सहल आयोजक कंपनी), पुणे

सातारा, दि. १२ डिसेंबर २०२४

विषय : केपटाउन येथील ऐच्छिक सहलीचे दोघांचे मिळून ३३,००० रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

मी व माझी पत्नी असे दोघे गेल्या नोव्हेंबर महिन्यात आपल्या कंपनीच्या दक्षिण आफ्रिका सहलीत सहभागी झालो होतो. सहलीच्या सहाव्या दिवशी ‘सकाळी टेबल माउंटन, दुपारी रॉबेन आयलंड, मराठी मार्गदर्शकासह’ अशी ऐच्छिक सहल आपल्या पत्रकात दिली होती आणि तिच्यासाठी मूळ रकमेखेरीज माणशी १६,५०० रुपये आम्ही पुण्याच्या कार्यालयात आगाऊ भरले होते. त्या दिवशी आम्ही डोंगरावरही गेलो नाही आणि बेटावरही उतरलो नाही. परत आल्यावर २८ नोव्हेंबरला मी ईमेलने तक्रार केली. तिला ४ डिसेंबरला आपले दोन ओळींचे उत्तर आले की, प्रतिकूल हवामानामुळे कार्यक्रमात बदल करावा लागला असून अट क्रमांक १४ नुसार परतावा देय नाही. हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सविस्तर लिहिल्याशिवाय आपल्या लक्षात येणार नाही, म्हणून हे पत्र लांबले आहे.

मी एस.टी.मध्ये ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यातली शेवटची १७ वर्षे वाहतूक नियंत्रक होतो. गाडी कितीला लागली, कितीला सुटली आणि उशीर झाला तर तो कशामुळे, हे नोंदवहीत लिहिणे हेच माझे काम होते. घाटात दरड कोसळली म्हणून आलेला उशीर आणि चालक चहाला बसला म्हणून झालेला उशीर, या दोहोंपुढे ‘हवामान’ हा एकच शेरा मारला तर काय होते, हे मला चांगले ठाऊक आहे. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, त्यामुळे सहाव्या दिवसाच्या सर्व वेळा माझ्या खिशातल्या डायरीत आहेत.

आपल्या पत्रकाप्रमाणे हॉटेलवरून साडेसातला निघायचे होते. आम्ही सगळे सात वीसला खाली उभे होतो, पण बस आठ पन्नासला सुटली, कारण तीच बस आधी आपल्याच दुसऱ्या गटाला विमानतळावर सोडायला गेली होती. नऊ पस्तीसला बस एका हिऱ्यांच्या दालनासमोर थांबली. हा थांबा पत्रकात कोठेही नव्हता. ‘फक्त दहा मिनिटे’ असे सांगून आपल्या टूर मॅनेजरांनी आम्हाला आत नेले आणि तिथून आम्ही दहा पंचेचाळीसला बाहेर पडलो. आमच्यापैकी कोणी काही विकत घेतल्याचे मी पाहिले नाही. केबल कारच्या खालच्या स्थानकावर पोहोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. तिकिटे आधी काढलेली नसल्यामुळे टूर मॅनेजर रांगेत उभे राहिले आणि अकरा पन्नासला, आमच्यापुढे साधारण तीस माणसे असताना, वारा वाढल्याने केबल कार बंद करत असल्याची घोषणा झाली.

केपटाउनमध्ये उन्हाळ्यात आग्नेयेकडून वाहणारा हा वारा काही अचानक उद्भवणारी आपत्ती नाही. तिथले लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात आणि तो वाहू लागला की डोंगराच्या सपाट माथ्यावरून ढग टेबलावरच्या कापडासारखा खाली ओघळतो. दिवस चढतो तसा तो बहुधा जोर धरतो, म्हणून डोंगर सकाळी लवकर उरकावा असे हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीनेही आम्हाला सांगितले होते. १९२९ पासून चालणारी ही केबल कार वाऱ्यामुळे वरचेवर बंद ठेवावी लागते, हे तिथे नियमित सहली नेणाऱ्या कंपनीला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. म्हणूनच आपल्या पत्रकात डोंगर सकाळी ठेवलेला आहे. कागदावरचा क्रम बरोबर होता. तो पाळला गेला नाही. आम्ही रांगेत येईपर्यंत गाड्या खालीवर जात होत्या, त्या मी स्वतः पाहत होतो. वारा खरा होता, हे मी नाकारत नाही. पण तो सुरू होण्याआधी आपल्याकडे किमान तीन तास होते आणि त्यातला एक तास दहा मिनिटे हिऱ्यांच्या दालनात गेली.

तरीही गोष्ट एवढ्यावर थांबली असती, तर मी कदाचित हे पत्र लिहिले नसते. साताऱ्याच्या माणसाला सपाट माथ्याच्या डोंगराची अपूर्वाई जरा कमीच. पाचगणीचे टेबललँड आणि कासचे पठार आमच्या उशाशी आहेत. आमची खरी ओढ रॉबेन आयलंडची, म्हणजे नेल्सन मंडेला जिथे कैदेत होते त्या तुरुंगाच्या बेटाची होती.

रॉबेन आयलंडची बोट वॉटरफ्रंट बंदरातल्या नेल्सन मंडेला गेटवे येथून सुटते आणि आमच्या कार्यक्रमात दुपारी एकची फेरी लिहिलेली होती. केबल कारच्या स्थानकापासून ते बंदर जेमतेम वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. बारा वाजता थेट तिकडे निघालो असतो, तर आम्ही वेळेत पोहोचलो असतो. त्याऐवजी ठरलेले भारतीय जेवण चुकवता येणार नाही, असे सांगून आम्हाला एका उपाहारगृहात नेले आणि पनीर-पुलाव वाढेपर्यंत एक वाजून गेला. जेवण चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बेटाचे काय, असे मी एक चाळीसला विचारले, तेव्हा टूर मॅनेजर म्हणाले, “काका, वाऱ्यामुळे आज बोटी बंद आहेत.” तिकिटे दाखवा म्हटल्यावर ती ‘ऑफिसकडे’ असल्याचे उत्तर मिळाले. मग सिग्नल हिल या टेकडीवर पंधरा मिनिटे थांबवून, साडेतीन वाजता, आम्हाला बंदरातल्याच एका नौकेतून अर्ध्या तासाची फेरी मारून आणले. वाऱ्यामुळे बोटी बंद होत्या, तर ही नौका कशी निघाली, हा प्रश्न माझ्या पत्नीने तिथेच मोठ्याने विचारला होता. त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही. नौकेतून आपल्या टूर मॅनेजरांनी क्षितिजाकडे हात करून “ते बघा रॉबेन आयलंड” असे सांगितले. पाण्यावर पालथ्या घातलेल्या ताटासारखी एक सपाट रेष आणि तिच्यावर एक ठिपका, तो बहुधा दीपस्तंभ, एवढेच आम्हाला दिसले. तीन चाळीसला आमच्या शेजारून बेटावरून परतणारी प्रवासी बोट धक्क्याला लागली. तिचा फोटो सोबत जोडला आहे आणि त्यावर वेळ आहे. त्याच रात्री आमच्याच हॉटेलात उतरलेल्या बडोद्याच्या एका कुटुंबाशी बोलणे झाले. ते त्याच दिवशी दुपारी एकच्या बोटीने बेटावर जाऊन आले होते. त्यांच्या संमतीने त्यांच्या तिकिटाची प्रतही जोडली आहे.

तेव्हा ‘हवामान’ हा शेरा बेटाच्या बाबतीत सरळ सरळ खोटा आहे. या बेटाची तिकिटे ठरावीक दिवसाची आणि ठरावीक फेरीची असतात. ती आपण काढलीच नव्हती, तर आम्हाला विकलेला कार्यक्रम मुळातच अस्तित्वात नव्हता. काढून वाया घालवली असतील, तर तो निष्काळजीपणा आपला आहे. आणि फेरी खरोखरच रद्द झाली होती असे आपले म्हणणे असेल, तर बेटाचा कारभार पाहणाऱ्या संग्रहालयाने आपल्याला पैसे परत दिले असतील किंवा दुसरी तारीख देऊ केली असेल. मग ती रक्कम आमच्याकडे का आली नाही? या तिन्हींपैकी जे खरे असेल ते कृपया तिकिटांच्या प्रतींसह लेखी कळवावे.

आमच्या कार्यक्रमात सातवा दिवस खरेदीसाठी मोकळा ठेवलेला होता. आदल्या रात्री पुण्यातल्या आमच्या मुलीने दुपारी एकच्या फेरीची दोन तिकिटे ऑनलाइन काढून फोनवर पाठवली. सकाळी सव्वासातला आम्ही टॅक्सीने निघालो आणि सुरुवातीच्या गाड्यांपैकी एकीतून डोंगरावर गेलो. केबल कारची फरशी फिरत असल्यामुळे खिडकीसाठी धक्काबुक्की करावी लागत नाही, हे पाहून पत्नी फार खूश झाली. वर दीड तास काढून, खाली येऊन, धक्क्याजवळ सँडविच खाऊन आम्ही बारा पंचवीसला बोटीच्या रांगेत होतो. संध्याकाळी साडेपाचला आम्ही हॉटेलवर परतलो. दोघांचा सगळा खर्च टॅक्सीसह सुमारे बारा हजार रुपये आला. पावत्या जोडल्या आहेत. एका दिवसात दोन्ही ठिकाणे होत नाहीत, असे आपल्याला म्हणायचे असेल, तर साठी ओलांडलेल्या, इंग्रजी बेताचेच येणाऱ्या दोन माणसांनी ती केलेली आहेत.

त्या बेटावर काय आहे आणि आपल्या प्रवाशांचे काय हुकले, हेही सांगणे मला भाग आहे, कारण ‘दुरून दर्शन घडवले’ असा आपल्या टूर मॅनेजरांचा सूर होता. बेटावर आधी बसने चुनखडीच्या खाणीकडे नेतात. तिथे राजकीय कैदी वर्षानुवर्षे चुनखडी फोडत होते आणि त्या पांढऱ्या झळाळीने अनेकांचे डोळे कायमचे बिघडले. सुटका झालेले कैदी १९९५ साली तिथे परत एकत्र आले, तेव्हा मंडेलांनी ठेवलेल्या एका दगडावर प्रत्येकाने आपापला दगड ठेवला. ती रास अजून तशीच आहे. पुढे तुरुंगाच्या इमारतीत, स्वतः तिथे शिक्षा भोगलेल्या गृहस्थांनी आम्हाला एका मोठ्या बराकीत बाकांवर बसवले आणि कैद्यांच्या शिध्याचा तक्ता दाखवला. त्यात आशियाई व मिश्रवर्णीय कैद्यांना मांस ६ औंस आणि कृष्णवर्णीय आफ्रिकन कैद्यांना ५ औंस. जॅम किंवा पाक पहिल्यांना १ औंस आणि दुसऱ्यांना अजिबात नाही. १९६४ मध्ये एकाच खटल्यात शिक्षा होऊन आलेल्या अहमद कथराडांना भारतीय वंशाचे म्हणून लांब विजार मिळाली आणि मंडेलांना अर्धी चड्डी. आम्हा दोघांची नावे त्या तक्त्यात कोणत्या रकान्यात पडली असती, हे कोणी सांगायची गरज नव्हती. पत्नी तक्त्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, “एक औंस जॅमसाठीसुद्धा वेगळी ओळ लिहिली आहे हो.” मंडेलांनी २७ पैकी १८ वर्षे जिथे काढली, ती कोठडी आमच्या देवघराच्या खोलीएवढी असेल-नसेल. अंदमानचे सेल्युलर जेल आम्ही आपल्याच कंपनीबरोबर २०१६ साली पाहिले होते. ती सहल उत्तम झाली होती आणि तिच्याच भरवशावर या वेळीही आम्ही दुसरीकडे चौकशी केली नाही.

आमच्या गटात नाशिकच्या एक ७८ वर्षांच्या आजी होत्या. त्या याच बेटासाठी आल्या होत्या आणि एकट्याने दुसऱ्या दिवशी जाण्याची त्यांची हिंमत झाली नाही. आम्ही बरोबर चला म्हटले, पण तोवर त्या फेरीची तिकिटे संपली होती. बंदरातल्या दुकानातून मंडेलांचे चित्र असलेले फ्रिजवर चिकटवायचे एक चुंबक घेऊन त्या परतल्या. तिथे कैद्यांनी स्वतः दाखवलेला तुरुंग आणखी किती वर्षे पाहायला मिळेल, हे त्या कैद्यांची वये पाहता आपणच ठरवा. ‘पुढच्या वेळी नक्की’ हे आपल्या टूर मॅनेजरांचे वाक्य त्या आजींपुढे तरी त्यांनी उच्चारायला नको होते.

आणखी एक बाब. आपल्या उत्तरात प्रवाशांचे अभिप्राय ‘उत्तम’ असल्याचा उल्लेख आहे. ते अभिप्रायाचे कागद आमच्याकडून पाचव्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये भरून घेतले होते, म्हणजे ही सहल होण्याच्या आदल्या दिवशी. माझ्या कागदावर मी तारीख घातलेली आहे, ती कृपया पाहावी.

माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. ऐच्छिक सहलीचे ३३,००० रुपये आम्हाला परत मिळावेत. त्यातून त्या दिवशीचे जेवण व नौकेची फेरी यांचा प्रत्यक्ष झालेला खर्च पावत्या दाखवून आपण वजा केलात, तर माझी हरकत नाही. रॉबेन आयलंडच्या बाबतीत ‘हवामान’ हे कारण मागे घेऊन खरे कारण लेखी द्यावे, आणि तसेच पत्र गटातील इतर प्रवाशांनाही पाठवावे, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते कारण खरे मानले आहे. पत्रकात नसलेले खरेदीचे थांबे कोणाच्या सांगण्यावरून घेतले जातात, याचीही चौकशी व्हावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात अशी तक्रार करता येते, हे आपल्या विधी सल्लागारांना माहीत असेलच. बँक खात्याचा तपशील आपल्याकडे बुकिंगच्या वेळचाच आहे. डायरीच्या दोन पानांची छायाप्रत, फोटो, पावत्या आणि आपले मूळ पत्रक सोबत जोडले आहे. बुकिंग क्रमांक पाकिटावर लिहिला आहे. फोनवर बोलायचे असल्यास सकाळी दहानंतर केव्हाही करावा, मात्र जे ठरेल ते नंतर लेखीच पाठवावे.

आपला विश्वासू,
(सही)