आमच्या ग्रंथपाल बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

वार्षिक सभेत आपला सत्कार करण्याचा ठराव आम्ही एकमताने केला आणि आपण तो तितक्याच ठामपणे परत पाठवलात. शाल-श्रीफळाचे पैसे फार्शी-मराठी कोशाच्या आणखी दोन प्रतींसाठी वापरावेत, असा आपला निरोप आला आणि त्याप्रमाणे प्रती मागवल्याही आहेत. सत्कार टळला, तरी आभार मानायचे राहिलेच आहेत. ते सर्वांसमक्ष मानावेत अशी सदस्यांची इच्छा आहे, आणि टपाल खात्यात उभी नोकरी झालेली असल्यामुळे पत्र लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले आहे.

वाईसारख्या गावात निवृत्त माणसाची सकाळ घाटावर फिरण्यात आणि देवदर्शनात जाते, संध्याकाळी कट्टा असतो. दुपार मात्र सरता सरत नाही. वाचनालय दुपारी बंद असे. आम्ही काही जण आपल्याकडे आलो तेव्हा आमची मागणी साधी होती: वर्तमानपत्रे, कॅरम आणि वाढदिवस साजरे करण्यापुरती जागा मिळावी. आपण आपली विश्रांतीची वेळ सोडून दुपारी तीन ते पाच वरच्या मजल्यावरचे दालन उघडायला तयार झालात, पण त्यासाठी एक अट घातलीत. येणाऱ्या प्रत्येकाने एखादा विषय अभ्यासाला घ्यायचा आणि तो इतरांसमोर मांडायचा. नुसते बसायला यायचे असेल तर खाली वाचनकक्ष आहेच, असे आपण सांगितलेत. आयुष्यभर राबल्यावर आता गृहपाठ कशाला, असे म्हणून काही जण रुसले. आज मागे वळून पाहताना मला वाटते की, आपण आमच्यासाठी जे जे केलेत त्यात या अटीचे मोल सर्वांत जास्त आहे. निवृत्तांसाठी विरंगुळ्याची सोय पुष्कळजण करतात आणि तीही हवीच; पण आमच्याकडून अजून काही अपेक्षा ठेवता येते, असे मानणारे माणूस आम्हाला आपल्या रूपाने प्रथमच भेटले.

सुरुवात आपण मराठी विश्वकोशापासून केलीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कोश आमच्याच गावात घडला. त्याच्या कार्यालयावरून आम्ही वर्षानुवर्षे ये-जा केली, पण खंड उघडून नोंद वाचलेले आमच्यात फारच थोडे होते. दर मंगळवारी एकाने एक नोंद वाचायची, वीस मिनिटे बोलायचे आणि नंतर प्रश्नांना उत्तरे द्यायची, हा क्रम आजही चालू आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या अभियंता सदस्यांनी धरणांवरील नोंद घेतली आणि धोमच्या कालव्यांवर काम करताना आलेले अनुभव तिला जोडले, तेव्हा ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या अशा कुटुंबातील एका भगिनींनी त्यांना जे प्रश्न विचारले, त्यांनी ती दुपार सहा वाजेपर्यंत लांबली. आपण दिवे लावून शांतपणे बसून राहिलात. वेळ संपल्याचे एकदाही सुचवले नाहीत.

मोडी लिपीच्या वर्गाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आमच्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेत जुने कागद पडून होते: खरेदीखते, गहाणखते, कुळाचे हिशेब, आजोबांची पत्रे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सर्रास चाललेली लिपी दोन पिढ्यांत इतकी परकी झाली की, घरचे कागद घरच्यांनाच वाचता येईनात. आपण साताऱ्याहून एका तरुण अभ्यासकाला बोलावलेत. त्याचे एसटीचे भाडे आपण स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून देत होता, हे आम्हाला फार उशिरा, तेही त्याच्याच तोंडून कळले. त्यानंतर तो खर्च वर्गाने उचलला. पण त्याआधीच्या रकमेचा विषय आपण आजवर काढू दिलेला नाही.

पहिले काही आठवडे आम्ही पुरते गोंधळलो होतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. शब्द कुठे संपला हे अर्थावरूनच ओळखावे लागते, आणि अर्थ लागण्यासाठी आधी शब्द सुटावा लागतो. त्यातून पेशवाईतला कागद असेल तर कालगणनेचा पेच वेगळाच. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात त्या काळच्या कागदांत चालणारा शुहूर सन ११७४. त्यात सालाच्या कोणत्या भागातला कागद आहे ते पाहून ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७३-७४ येते, आणि हे साल मृगापासून सुरू होत असल्यामुळे आकडा मिळवण्याआधी महिना पाहावा लागतो. निवृत्त तलाठी असलेल्या आमच्या एका सदस्यांनी ही सर्व अरबी संख्यानामे एका पुठ्ठ्यावर बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहून भिंतीवर लावली. तो पुठ्ठा अजून तिथेच आहे आणि शिकून तयार झालेलेही त्याच्याकडे नजर टाकल्याशिवाय साल सांगत नाहीत.

या वर्गाचा उपयोग घरच्या कागदांपुरता राहिला नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा आसपासच्या गावांतील माणसे कोतवाल बुकांच्या आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या छायाप्रती घेऊन आपल्याकडे येऊ लागली. विषय नाजूक होता, माणसे काकुळतीला आलेली होती, आणि आम्ही नवशिके होतो. त्या वेळी आपण घालून दिलेले नियम मला फार मोलाचे वाटतात. कागद दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा आणि तिसऱ्याने दोन्ही वाचने ताडून पाहायची. जे अक्षर लागले नाही तिथे टिंबे द्यायची, अंदाजाने भरायचे नाही. नोंदीतून काय सिद्ध होते यावर मत द्यायचे नाही. कोणाकडून पैसा घ्यायचा नाही. आणि अधिकृत लिप्यंतर मान्यताप्राप्त जाणकारांकडूनच करून घ्यावे लागेल, हे आलेल्या प्रत्येकाला आधीच सांगायचे. हवी ती नोंद न निघाल्यामुळे काही जण निराश होऊन गेले, पण खोटी आशा घेऊन आपल्या दारातून कोणी गेले नाही.

मोबाइलच्या वर्गाने आमच्या घरांतील रोजचे अवलंबित्व कमी केले. मराठीत टंकलेखन, बँकेचे व्यवहार आणि नोव्हेंबरात चेहरा दाखवून हयातीचा दाखला भरणे आता बहुतेकांना स्वतःचे स्वतः जमते. फोनवरून धमकावताना भामटे सांगतात तशी ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही आणि फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवायचे, हे आपण इतक्या वेळा घोकून घेतलेत की, आमच्या एका सदस्या भगिनींना तसा फोन आला तेव्हा त्यांनी तो तत्काळ बंद करून आधी मुलाला नव्हे तर आपल्याला कळवले. त्यांची आयुष्यभराची बचत शाबूत राहिली.

भिलारच्या सहलीचा उल्लेख केला नाही तर सदस्य रागावतील. ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून उद्घाटन झालेले हे गाव पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पलीकडे, म्हणजे आपल्यापासून तासाभराच्या आत आहे. तरी आमच्यातील बहुतेकांनी ते पाहिले नव्हते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य, बाकीच्यांना अर्धे तिकीट, त्यामुळे खर्चाची सबब कोणालाच राहिली नाही. तिथे घराघरांत मांडलेली पुस्तके पाहून फोटो काढायचे आणि स्ट्रॉबेरी घेऊन परतायचे, एवढ्यावर आपण आम्हाला सोडले नाहीत. प्रत्येकाने एका घरात बसून एकच पुस्तक जमेल तेवढे वाचायचे आणि परतल्यावर त्यावर एक पान लिहायचे, असे ठरले होते. ती पाने आपण शिवून ठेवली आहेत. उसाच्या फडावर मुकादमकी करण्यात ज्यांचे आयुष्य गेले आणि ज्यांचे शिक्षण चौथीला थांबले होते, त्या आमच्या सदस्यांनी आयुष्यात प्रथम लिहिलेले पान त्यात आहे. त्यातले शुद्धलेखन आपण दुरुस्त केले नाहीत, यासाठी मी आपली विशेष ऋणी आहे.

सदस्यांची खुशाली आपण नेहमी विचारता, म्हणून तीही इथेच लिहिते. आमच्या अभियंता सदस्यांची दुसऱ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली असून त्यांनी पुढची नोंद मागितली आहे. मुलीकडे बंगळूरला राहायला गेलेल्या आमच्या शिक्षिका मैत्रीण मंगळवारी फोनवरून वर्गाला बसतात आणि मोडीचा गृहपाठ छायाचित्र काढून पाठवतात. तिथल्या त्यांच्या इमारतीतील दोघी मराठी शेजारणींनाही त्यांनी वळण शिकवायला घेतले आहे. तलाठी सदस्यांना नात झाली. तिच्या बारशाची पत्रिका त्यांनी एका बाजूला बालबोधीत आणि दुसऱ्या बाजूला मोडीत छापून घेतली.

गेल्या पौषात आमचे ज्येष्ठ सदस्य, माध्यमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, आम्हाला सोडून गेले. विश्वकोशातील नोंदीवर त्यांच्याइतके नेमके प्रश्न कोणी विचारत नसे. शेवटच्या आजारपणात त्यांना वाचता येईना, तेव्हा आपण आठवड्यातून दोनदा वाचनालय उघडण्याआधी त्यांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवत होता. ही गोष्ट आपण कोणालाही सांगितली नाहीत. त्यांच्या पत्नींनी सांगितली. त्या स्वतः यापूर्वी कधी वर्गाला आल्या नव्हत्या. आता त्या येतात. सरांच्या वहीत अर्धवट राहिलेले एका गहाणखताचे लिप्यंतर पूर्ण करायचे त्यांनी मनावर घेतले आहे, त्यासाठी मोडीची बाराखडी पहिल्यापासून गिरवतात, आणि अडले की वर्गातील सर्वांत नवख्या सदस्यालाही निःसंकोच विचारतात.

सार्वजनिक वाचनालयात काम करणाऱ्यांना किती कमी वेतनावर किती काम करावे लागते, याची गावाला पुरेशी कल्पना नाही. अनुदानाचे कागद, पुस्तकांची बांधणी, वर्गणीची वसुली, गळक्या छपराची चिंता, हे सारे सांभाळून आपण रोजचे दोन तास आम्हाला दिलेत. म्हणून आभाराबरोबर वर्गाने दोन जबाबदाऱ्या स्वतःकडे घ्यायचे ठरवले आहे. दुपारी दालन उघडणे, झाडलोट करणे आणि बंद करणे हे यापुढे पाळीपाळीने सदस्य करतील, म्हणजे त्या वेळेत आपल्याला घरी जाऊन निवांत जेवता येईल. आणि वाचनालयाच्या जुन्या दप्तरातील मोडी कागदांची यादी, जी करायला आपल्याला कधी सवड मिळाली नाही, ती आम्ही करून देऊ. नियम तेच, दोघांनी वाचायचे आणि तिसऱ्याने ताडायचे.

पावसाळा सरला की मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट पाहायला जायचे आहे. तिथली मोठी घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, त्यामुळे १७३९ च्या त्या मोहिमेवर बोलण्याचे काम सरांच्या पत्नींनी मागून घेतले आहे. आपण सोबत यावे, ही सर्वांची विनंती आहे. दालनाची दुसरी किल्ली सोमवारी माझ्याकडे द्यावी, म्हणजे मंगळवारपासून पाळी सुरू करता येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
दुपारच्या अभ्यासवर्गातील सर्व सदस्यांच्या वतीने
एक विद्यार्थिनी